मग आता कबड्डी बंद ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, अगदी भाजी घेतानासुद्धा हाच प्रश्न येतो, "मग बाई, आता कबड्डी बंद ना?" विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त मान डोलवायची. एखादी मावशी आवाज खाली आणून "मुलीची जात, उद्या लग्न करायचंय" हेही जोडते. मी मान डोलवत नाही म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं जातं.

झालं असं. आम्ही सांगलीला, ती पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या ऑक्टोबरात सरावाला चढाई करून परत फिरताना तिचा उजवा पाय मॅटवर रुतून राहिला आणि अंग वळलं. कुणी धरलं नव्हतं की ढकललं नव्हतं. ‘कट्’ असा आवाज तिचा तिलाच ऐकू आला. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं हाड नडगीच्या हाडाशी बांधून ठेवणारा लिगामेंट, बऱ्याचदा असाच जातो. तासाभरात गुडघा टम्म फुगला. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला, हाड शाबूत दिसलं, मुका मार म्हणून क्रेप बँडेज बांधून पाठवलं. लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही. तिच्या कोचनी आवाजाचं ऐकलं मात्र, लगेच म्हणाले, एमआरआय करा आणि तोवर कुणाला मालिश करू देऊ नका. रिपोर्ट आला : एसीएल पूर्ण तुटलेला, गुडघ्यातल्या हाडांमधली गादी शाबूत.

मिरज आम्हाला दहा किलोमीटरवर, आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव. तिथले डॉक्टर बोलले ते तिच्याशी. मी मध्ये दोनदा तोंड घातलं, त्यांनी दोन्ही वेळा उत्तर तिच्याकडे बघून दिलं. पूर्ण तुटलेला एसीएल सहसा आपोआप जुळत नाही, मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून नवा बसवावा लागतो. पण घाई नाही. गादी फाटून गुडघा अडकला असता तर गोष्ट वेगळी. आधी सूज उतरू दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे, मग टेबलावर घेऊ. तिने विचारलं, "परीक्षा झाल्यावर केलं तर?" चालेल म्हणाले, ब्रेस लावून, वळणं-उड्या न करता, रोजचे व्यायाम न चुकवता. मला तर दुसऱ्याच दिवशी ॲडमिट करून मोकळं व्हायचं होतं. ती म्हणाली, "आई, सेमिस्टर घालवून गुडघा नकोय मला." वय १९. संमतीपत्रावर सही तिचीच लागते, माझी नातेवाईक म्हणून खाली. डिसेंबर ठरला.

मग माझ्या वाट्याला काय उरलं? बरंच उरलं, फक्त त्यात ठरवणं नव्हतं. होस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रेक्टर मॅडमना भेटून तळमजल्यावरच्या एका मुलीशी खोली बदलून घेतली. संडास देशी, उकिडवं बसणं बंद, म्हणून कमोड खुर्ची भाड्याने आणली. न्हाणीघरात प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. ७५ टक्के हजेरीसाठी डॉक्टरांचा दाखला आणि परीक्षेचा वर्ग तळमजल्यावर मिळावा म्हणून अर्ज, दोन्हींच्या पोच घेतल्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजावं, हे सरकारी नोकरीने शिकवलंय.

आणि फाइल. विम्याच्या कॅशलेसला क्वेरी आली, की हे दुखणं पॉलिसीच्या आधीपासूनचं नाही कशावरून? तिथे पहिल्या दिवशीचा तो ‘मुका मार’ लिहिलेला केसपेपर कामी आला, कारण त्यावर तारीख होती. पहिला कागद कितीही फालतू वाटला तरी टाकू नका.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन ती उभी राहिली. खरं काम घरी आल्यावर. पहिले काही आठवडे फिजिओ एका गोष्टीवर हटून बसले होते, की गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, आणि गुडघ्याची वाटी खाली दाबायची. दुखतं, फार दुखतं. आता भेटायला आलेली प्रत्येक बाई काय करते? "अगंबाई, पाय किती अवघडलाय" म्हणत गुडघ्याखाली मऊ उशी सरकवते. त्या उशीनेच पाय वाकडा राहतो. मी एकीच्या हातून उशी काढून घेतली तर तिला राग आला. दुसरीच्या वेळी लेकच म्हणाली, "काकू, उशी पाठीला द्या ना." पुढे मी बोलायचंच सोडलं.

मांडी किती झटकन वाळते हे पाहिल्याशिवाय पटत नाही. वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर बॉलपेनने खूण करायची आणि शिलाई मशीनच्या खणातल्या टेपने दोन्ही मांड्या मोजायच्या. दर रविवारचा आकडा ती कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायची. आकडा हलला नाही की तो दिवस घरात वाईट जायचा. तिच्या पप्पांनी एकदा मुद्दाम टेप सैल धरली, तिने ओळखलं, आणि मग टेप माझ्याकडे आली.

सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे सगळं बरं वाटू लागतं तो. नवा लिगामेंट आत बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत उलट नाजूक होतो, कारण त्यात रक्तपुरवठा नव्याने व्हायचा असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, सूज नसते, पोरगी तरातरा चालत असते. फेब्रुवारीत ती म्हणाली, मैत्रिणीच्या साखरपुड्याला स्कूटीवर जाते. दाराशेजारच्या खिळ्यावर किल्ली होती. ती मी काढून लपवू शकले असते. म्हटलं, "फिजिओंना फोन कर आणि तू ठरव." तिने फोन केला, दहा मिनिटं बडबडली, आणि रिक्षाने गेली. परत येऊन माझ्याशी रात्रभर बोलली नाही, जशी काही मीच नको म्हटलं होतं. चालायचंच.

मैत्रिणी तिला कुस्तीगीर विनेश फोगाटचं सांगायच्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधून गुडघ्याच्या दुखापतीने स्ट्रेचरवर बाहेर, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत एसीएलचं ऑपरेशन आणि वर्षभरात पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत. (फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरलं आणि बाद झाली, ते दुःख निराळं.) उदाहरण मोठं आहे, पण मला ते पोरींच्या कानावर फार पडलेलं आवडत नाही. विनेशचं कामच ते. माझ्या लेकीला सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी मेसचा डबा आणि संध्याकाळी उरलेल्या ताकदीत व्यायाम. तिने स्वतःचं कॅलेंडर पाहावं.

आता मूळ प्रश्न. त्याच खेळात मुलींचा एसीएल मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा जातो, हे जगभर नोंदलेलं आहे. ते ऐकून लोक म्हणतात, बघा, म्हणून मुलींनी खेळू नये. पण उडी मारून उतरताना गुडघा आत झुकणं, मांडीमागचे स्नायू कमी पडणं, अशी कारणंही ठाऊक आहेत, आणि सरावाने हा धोका बराच कमी करता येतो. फिजिओ तिला आरशासमोर उड्या मारायला लावतात, गुडघा पावलाच्या रेषेतून हलला की परत पहिल्यापासून. हे दहावीच्या वर्षी कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. खेळली तर पुन्हा जाऊ शकतो, न खेळताही हा गुडघा पुढे झिजू शकतो. दोन्ही तिला डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, आणि ते ऐकताना तिचा चेहरा मी पाहिलाय.

मैदानावर परतायला नऊ महिने ही कमीत कमी मुदत, आणि नुसत्या मुदतीवर सोडत नाहीत. एका पायावर लांब उडी, दोन्ही पायांची तुलना, ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के भरला पाहिजे. गणपतीनंतर चाचणी झाली, थोडक्यात कमी पडली. फिजिओ म्हणाले, अजून नाही. तिने तिथेच पुढची तारीख मागून घेतली, दिवाळीनंतरची. तोवर संघाबरोबर जाते, टेबलाशी बसून गुणलेखन करते, आणि पंचांशी हुज्जत घालते असं कोच सांगतात.

त्यामुळे बंद की चालू, मला ठाऊक नाही. तुम्हाला फारच काळजी असेल तर तिलाच विचारा. फोन रात्री नऊनंतर करा, त्याआधी ती व्यायाम करत असते आणि उचलत नाही.