हरलेला डाव नीट बघायला मला चार दिवस लागले (माझा अनुभव)

गेल्या महिन्यात कोथरूडला बुद्धिबळाची एक रेटिंग टुर्नामेंट खेळलो, त्यातला पाचव्या राउंडचा डाव अजून डोक्यातून जात नाहीये. साडेतीन तास खेळून हरलो. घरी येऊन लॅपटॉप उघडणारच होतो, पण क्लबमधल्या काकांचा फोन आला, म्हणाले, "इंजिन (चाली तपासणारं सॉफ्टवेअर) आधी लावू नकोस रे, स्कोअरशीट घे आणि तुला खेळताना काय वाटत होतं ते प्रत्येक चालीशेजारी पेन्सिलीने लिही, मग बघू."

लिहायला बसलो तर दोन संध्याकाळी गेल्या. ओपनिंगचं फार काही नव्हतं, कारो कान, दोघांनाही पाठ असलेलं. चोविसाव्या चालीला माझं एक प्यादं फुकट गेलं, तिथे मी मोठा गोल केला आणि लिहिलं "इथे डाव गेला". मला खरंच तसं वाटत होतं, कारण त्यानंतर सगळा वेळ मी नुसता बचाव करत होतो. पण तिसऱ्या दिवशी इंजिन लावलं तर त्या चालीनंतरही डाव धरण्यासारखा होता, आणि पुढे प्यादी कटत कटत शेवटी समोरच्याचा राजा, हत्ती आणि एक प्यादं, माझा राजा आणि हत्ती, एवढंच उरलं. पटावर राजे-प्यादी धरून सातपर्यंत मोहरी असली की टेबलबेस (अशा सगळ्या पोझिशन्सचे आधीच काढून ठेवलेले निकाल) पक्का निकाल सांगतो, अंदाज नाही. आमची पाच. निकाल: ड्रॉ. म्हणजे पंचावन्नाव्या चालीपर्यंत माझा अर्धा पॉइंट शाबूत होता!

पोझिशन अशी (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). त्याचा राजा सी४, प्यादं ई३, हत्ती जी७ वरून शह देतोय. माझा राजा ई७, हत्ती डी८. घड्याळात दोन मिनिटं आणि तीस सेकंदांचं इन्क्रिमेंट, म्हणजे दर चालीला मिळणारा जादा वेळ. मी राजा एफ८ ला नेला, का तर हत्तीवर हल्ला होतो म्हणून. हत्ती जी४ ला गेला, मी एफ७ ला आलो, आणि त्याने हत्ती डी४ ला आणून माझ्या हत्तीसमोर ठेवला. मी लगेच मारला. त्या चालीशेजारी मी लिहिलंय "मोहरी कमी, ड्रॉ जवळ". त्याने राजाने मारलं, मी राजा ई६, तो ई४. राजासमोर राजा, मधे एकच घर, आणि चाल माझी. बाजूला व्हावंच लागलं, त्याचा राजा आत घुसला, संपलं.

चौथ्या दिवशी टिळक रोडला चहाच्या दुकानात काकांनी छोटा मॅग्नेटचा पट काढला. "हत्ती दिलास कशाला रे?"

"काका, वाटलं आता सोपं होईल."

"प्यादं कमी असताना प्यादी कटवायची, मोहरी नाही. हत्ती सी८ ला नेऊन शह दे की." मग त्यांनी माझा राजा एफ७ वरून उचलून ई७ ला ठेवला, बाकी सगळं तेच, आणि म्हणाले, "आता मार हत्ती." मारला, त्यांनी राजाने परत मारलं, मी राजा डी६, आणि यावेळी समोरासमोर येऊन चाल त्यांची होती! सहा वेळा खेळलो, सहाही वेळा ड्रॉ. तीच मारामारी, फक्त राजा एक घर बाजूला. म्हणजे हत्ती मारणं ही चूक होतीच, पण ती आणखी दोन चाली आधी सुरू झाली होती, शह मिळाल्यावर ई६ ला, प्याद्याच्या वाटेत जायचं सोडून मी हत्तीच्या मागे बाहेर पळालो तिथे. इंजिन त्या चालीला चूक म्हणून लाल करत नाही, कारण टेबलबेसच्या हिशेबाने तेव्हाही ड्रॉच आहे, त्यामुळे एकट्याने इंजिन लावून बसलो असतो तर ती मला कधीच दिसली नसती.

घरी येऊन स्कोअरशीटवरचा चोविसाव्या चालीचा गोल खोडला आणि त्रेपन्नाव्या चालीला, राजा एफ८, नवीन गोल केला.