तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीवरचे ते गोल डाग

‘पाठीला पेले लावून घेतोस, त्याने खरंच काही होतं का?’ मी चीनमधल्या शाओशिंग शहराच्या केचियाओ भागात, कापडाच्या धंद्यात राहतो. सुट्टीत घरी आलो की हा प्रश्न ठरलेला. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर पेल्यांचे गोल डाग दिसले, तेव्हापासून तर जास्तच.

होतं. आखडलेली पाठ मोकळी वाटते. त्यापलीकडे दमा, पोट, वजन असलं काही बरं होतं, असं माझ्याकडून वदवून घेऊ नका.

तिथे याला बाग्वान म्हणतात. डॉक्टरीणबाई चिमट्यात धरलेला स्पिरिटचा बोळा पेटवतात, काचेच्या पेल्यात एक गिरकी देऊन बाहेर काढतात आणि पेला झटक्यात पाठीवर पालथा. जाळ अंगाला लागतच नाही. आतली तापलेली हवा निवून आकसते आणि कातडी वर ओढली जाते. काचेतून टम्म जांभळट गोळा दिसतो. दुखत नाही, ओढ बसते. खरी कळ येते ती तेल लावून तोच पेला कण्यालगत वरखाली फिरवतात तेव्हा. पाच-दहा मिनिटांनी कडेला बोट दाबलं की फुस्स, सुटला.

डाग गडद उठला की शेजारच्या खाटेवरची आजीसुद्धा निदान करते, ‘शीछी फार आहे!’ म्हणजे अंगात दमटपणा मुरलाय. जूनच्या पावसात तिथे कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तेव्हा हे पटतंही. पण डाग म्हणजे ओढीने फुटलेल्या केशवाहिन्यांतून कातडीखाली उतरलेलं आपलंच रक्त. आठवड्या-दोन आठवड्यांत विरतं. ‘विषद्रव्यं बाहेर पडतात’ हे स्पावाल्यांचं पालुपद निव्वळ गल्ल्यासाठी.

प्रकार मात्र जुनाच. चांगशाच्या मावांगदुईत इ.स.पू. १६८च्या थडग्यात रेशमावर लिहिलेलं वैद्यक १९७३ साली सापडलं. त्यात मूळव्याधीवर उपाय आहे: भात शिजेल इतका वेळ लहान शिंग लावून ठेवायचं, मग दोरीने बांधून सुरीने कापायचं. (पाठीवर भागतंय हे नशीब.) आपल्याकडेही सुश्रुताने शिंग आणि आत दिवा ठेवलेला भोपळा सांगितलाय, तुंबडी लावणारे आपल्या आजोबांनी पाहिलेले. पण जुनं म्हणून गुणकारी, असं थोडंच? आजवरच्या चाचण्या बहुतेक लहान, आणि त्यात मुळातली अडचण अशी की पेला लावलाय हे रोग्यापासून लपवणार कसं? गुण पेल्याचा की विश्वासाचा, हे वेगळं काढता येत नाही.

वहिनी, तो घरगुती सेट मागवायचा का म्हणालात. हवा ओढायच्या पंपाचा असेल तर मागवा. जाळाचा अजिबात नको, भाजण्याचे प्रकार त्यातच होतात. जास्त वेळ ठेवू नका, फोड येतात. आणि दादाच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा त्याने कितीही हट्ट केला तरी त्याला लावू नका.