४०० मेगाहर्ट्झवरील दोन फिकट डाग

जुलैच्या त्या दिवशी पावसाने लोकल बंद पडल्या होत्या, आणि कुलाब्याच्या कार्यालयात अडकलेली मी पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने घेतलेल्या निरीक्षणांचे चित्र तयार करत होते. स्रोत होता एक सक्रिय दीर्घिका. तिच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवराजवळून विरुद्ध दिशांना निघालेल्या झोतांनी फुगवलेले दोन लोब, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारे फुगे, १४०० मेगाहर्ट्झच्या जुन्या चित्रात स्पष्ट दिसत असत. ४०० मेगाहर्ट्झवर मात्र त्यांच्याही पलीकडे, त्याच रेषेत, दोन फिकट डाग उमटले.

मला आधी शंकाच आली. अँटेनांकडून आलेल्या लहरींच्या फेजमधील (कलेतील) चुकीने स्रोताच्या एका बाजूस उजळ आणि दुसऱ्या बाजूस काळा डाग पडतो. दोन्ही बाजूंस सारखे डाग मात्र ॲम्प्लिट्यूडच्या (लहरींच्या उंचीच्या) चुकीनेही पडू शकतात, म्हणजे ती देखणी सममितीच संशयास्पद होती. पृथ्वी फिरते तशी ३० अँटेनांची मांडणी स्रोताच्या संदर्भात वळत जाते, त्यामुळे रात्रीच्या पूर्वार्धाचे आणि उत्तरार्धाचे चित्र वेगवेगळे काढले, तर चुकीचे डाग जागा सोडतात. संध्याकाळपर्यंत दोन्ही चित्रे तयार झाली आणि डाग जागचे हलले नव्हते. माझे हात थरथरत होते, हे मी लपवणार नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना चित्रे दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मग १४०० ला हे का दिसले नाहीत, ते सांग."

झोतांतून आलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना सिंक्रोट्रॉन प्रारण सोडत ऊर्जा गमावतात, आणि ज्याची ऊर्जा अधिक त्याची ती लवकर सरते. म्हणून पुरवठा तुटला की उच्च वारंवारतेचा उजेड आधी विझतो आणि कमी वारंवारतेचा मागे रेंगाळतो. बाहेरचे डाग म्हणजे त्याच कृष्णविवराच्या आधीच्या झोतांचे अवशेष असावेत. मधल्या काळात झोत थांबले आणि पुन्हा सुरू झाले. १९५३ साली जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता यांनी सिग्नस-ए या स्रोताचे दोन भाग दाखवले, तेव्हा त्या भागांना कोण पोसते हेही ठाऊक नव्हते. इथे तर तसे दोन संच एकाआड एक उभे होते.

मॅडमनी मान डोलावली, पण नोंदवहीत लिहिलेले 'पुनरुज्जीवित झोत' हे शब्द मला खोडायला लावले. १४०० ला डाग दिसलेच नव्हते, म्हणून तिथे त्यांच्या तेजाची केवळ वरची मर्यादा हाती होती. वर्णपटाचा उतार, म्हणजे वारंवारतेबरोबर तेज किती घटते ते, नीट ठरवायला मधला बिंदू हवा होता. रात्री पाऊस ओसरला तेव्हा मी ६५० मेगाहर्ट्झच्या निरीक्षणासाठी अर्ज लिहीत होते.