जीभ परतली की भजी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न नेहमीचाच आहे: मराठीत क्रिप्टिक कोडं, म्हणजे शब्दखेळात उत्तर लपवणारं शब्दकोडं, होतं का, आणि होत असेल तर तुम्हा सोलापूरकरांची सूत्रं, म्हणजे उत्तराकडे नेणारी वाक्यं, सारखी खाण्यापिण्यावरच का?

होतं, आणि फार सुंदर होतं. अट एकच. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-अनुस्वारासकट. 'भाकरी'ची घरं तीन: भा, क, री. आणि खाण्याचं म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या क्रियापदांना दुसरे अर्थ आयतेच आहेत. कांदा परततात, आणि गावाला गेलेला माणूसही परततो. म्हणून सूत्रात 'परतणं' आलं की शब्द उलटा वाचायचा. ढवळणं, कालवणं, घुसळणं आलं की अक्षरं इकडची तिकडे करायची. 'पोटात' किंवा 'सारण' दिसलं की एका शब्दात दुसरा भरायचा.

'द ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रात 'झिमेनीझ' या टोपणनावानं कोडी रचणाऱ्या मॅकनट यांचा नियम आम्ही काटेकोर पाळतो: सूत्रात उत्तराची नेमकी व्याख्या हवी, प्रामाणिक शब्दखेळ हवा, आणि तिसरं काहीही नको. व्याख्या सूत्राच्या सुरुवातीला असते किंवा शेवटी, मधे कधीच नाही. सोडवणाऱ्यानं आधी ही दोन टोकंच चाचपावीत आणि विरामचिन्हांकडे काणाडोळा करावा.

आता हे बघा: 'कडकचा पहिला घास भारीच्या पोटात, तव्यावर फुगलेली (३)'. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरं. कडकचा पहिला घास म्हणजे क. तो 'भारी'च्या पोटात घातला की भा-क-री. उरलेली 'तव्यावर फुगलेली' ही व्याख्या. 'फुगलेली' स्त्रीलिंगी आहे, म्हणून उत्तरही स्त्रीलिंगीच. लिंग-वचन जुळवणं ही मराठीत रचणाऱ्याची जबाबदारी आणि सोडवणाऱ्याची मोठी मदत. 'जीभ परतली, पावसात हवीत (२)' यात 'हवीत' अनेकवचनी आहे, उत्तर भजी.

परतण्याचा धोकाही सांगायला हवा. 'हाच परतला टपरीवरचा' असं लिहिलं तर 'परतला' मधोमध येतो आणि उलटायचं कोणाला, हाचला की टपरीवरच्याला, ते कळत नाही. इथे घरं दोनच असल्यानं चहा सापडतो. पण शब्द जवळपास तेवढ्याच लांबीचे असले की सूत्र बाद. 'परतलेला डाव तेलात तळलेला (२)' यात अशी शंका उरत नाही: वडा.

ढवळण्यासाठी मराठीतली एक अप्रतिम जोडी: 'बरसत ढवळलं, उन्हाळ्यात प्यायलं (४)'. सरबत. चारही अक्षरं बिनकान्याची, म्हणून इतकं सहज जमलं. असं क्वचितच होतं. काना-वेलांटी लागली की ती अक्षरासोबतच फिरते, ऱ्हस्व-दीर्घ बदलत नाही. मिठाईचं शेपूट तोडून मीठ निघत नाही. मि आणि ठा उरतात.

सोलापूरच्या माणसाला हुरड्याचं सूत्र सुचणारच. 'हुतात्मा एक्स्प्रेसचं इंजिन, मागे आसवं गाळा. आगटीत भाजलेला (३)'. इंजिन म्हणजे हु, आसवं गाळा म्हणजे रडा. इथे 'इंजिन हुकलं' असं लिहायचा मोह होतो, कारण गाडी चुकल्याचं चित्र जास्त बोलकं होतं. पण हुकलं म्हणजे ते अक्षर गळालं, आणि आपल्याला तर ते हवंय. चित्रासाठी खेळ बिघडवायचा नाही. धपाट्यांना तर खेळही लागत नाही, दोन अर्थ पुरतात: 'पाठीत बसतात, दह्यासोबत खातात (३)'.

सगळ्यात जास्त फसवते ती ज्वारी. पंढरपूर जिल्ह्यातच असल्यानं 'वारी' चटकन सुचते: ज अधिक वारी. पण त्यानं जवारी होते, तीन घरांची. बोलण्यात ती चालेल, कोड्यात नाही. ज्वारीची घरं दोनच, ज्वा आणि री, आणि जोडाक्षर फोडता येत नाही. ज्वालामुखीचं तोंड घ्या, पुढे 'री'ची सोय करा, मग बघा. शेंगांचंही तसंच. 'शेंडीचं टोक धर, गाणं म्हण' यात टोक कुठलं, शें की डी? 'शेंडीची सुरुवात' म्हटलं की शें-गा सरळ बसतं.

चौकट आखताना आडव्या-उभ्याच्या छेदावर अख्खं अक्षर जुळायला हवं. धपाट्यातला पा पालकाशी जुळतो, पापडाशी जुळतो. पोळीशी नाही, कारण पो वेगळा. काहीजण मात्रा सोडून नुसतं व्यंजन जुळवतात. आम्हाला ते मान्य नाही. घरात पा लिहायचा की पो, हे सोडवणाऱ्यानं ठरवायचं कसं? म्हणून आधी छेदावरची अक्षरं ठरवा, त्यांत बसणारे शब्द निवडा, आणि सूत्रं सगळ्यात शेवटी लिहा. आवडत्या सूत्रापासून सुरुवात केली की चौकटीच्या एका कोपऱ्यात असा शब्द उरतो, जो कुठल्याच कोशात सापडत नाही.