ॲम्हर्स्ट: कुंपणापलीकडची बहीण

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिचं ॲम्हर्स्टमधलं घर बघायला ऑक्टोबरातल्या शनिवारी जाऊ नये, हे आधीच सांगून टाकते. पानगळीचे रंग बघायला अख्खं बोस्टन मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला लोटलेलं असतं. साध्याशा खोलीचं एका रात्रीचं भाडं ऐकून भाचा दचकला होता. एवढे पैसे मोजून सकाळी चहा म्हणून काय, तर कागदी पेल्यात कोमट पाणी आणि त्यात सोडलेली पुडी. बोस्टन ते ॲम्हर्स्ट हा दीडशे किलोमीटरचा रस्ता मात्र सुरेख होता, त्याबद्दल काही तक्रार नाही.

होमस्टेड म्हणजे एमिलीच्या आजोबांनी १८१३ साली बांधलेला विटांचा पिवळा वाडा. ती इथेच १८३० मध्ये जन्मली आणि १८८६ मध्ये इथेच गेली. वरच्या मजल्यावर तिची खोली आहे. भिंतींवर गुलाबांचा कागद, एक लहानसा पलंग, भरपूर उजेड आणि काचेच्या पेटीत तो प्रसिद्ध पांढरा पोशाख. पोशाखाची प्रतिकृतीच आहे ती, पण आमच्या गटातले सगळे तिच्याभोवतीच गोळा झाले. ती घराबाहेर का पडायची नाही? लग्न का केलं नाही? प्रेम कोणावर होतं? माहिती सांगणारी मुलगी फार गोड होती, न कंटाळता उत्तरं देत होती. मला मात्र चीड येत होती. हयातीत जिच्या मोजून दहा-अकरा कविता छापल्या गेल्या, तिच्या जवळजवळ अठराशे कविता आणि हजारावर पत्रं आज आपण वाचतो. ती आपल्यापर्यंत पोचवली कोणी? हा प्रश्न त्या तासाभरात एकानेही विचारला नाही.

होमस्टेडच्या शेजारीच एव्हरग्रीन्स आहे. एमिलीचा भाऊ ऑस्टिन आणि त्याची बायको सुझन, म्हणजे स्यू, यांचं घर. दोन घरांमधली पायवाट अजून आहे. गप्पा मारत चाललं तरी दोन-तीन मिनिटांत पलीकडे पोचतो. नणंद-भावजयीचं नातं म्हटलं की आपल्याकडे वेगळंच काही डोळ्यांपुढे येतं. या दोघी मात्र आधी मैत्रिणी होत्या आणि मग नात्यातल्या झाल्या. एमिलीने सर्वात जास्त कविता पाठवल्या त्या स्यूला, अडीचशेच्या आसपास. पत्रातच कविता, कवितेचंच पत्र. कुठे पत्र संपतं आणि कुठे कविता सुरू होते यावर संपादक आजही वाद घालतात. १८५८ च्या सुमाराची अशीच एक कविता आहे. माझी एक बहीण घरात आहे आणि एक कुंपणापलीकडे, अशी तिची सुरुवात. घरातली म्हणजे धाकटी लव्हिनिया, जी एमिलीचा गेल्या वर्षीचा झगा घालायची. कुंपणापलीकडची स्यू. रात्रीच्या असंख्य ताऱ्यांतून हा एकच तारा मी निवडला, असं म्हणत कविता स्यूच्या नावावर येऊन थांबते.

ती कविता मनात घोळवतच मी ॲम्हर्स्ट कॉलेजच्या फ्रॉस्ट ग्रंथालयात गेले. भाचा कुरकुरत होता. “मावशी, बाहेर एवढे रंग आहेत आणि आपण तळघरात बसायचं?”

“अरे, अर्धा तास बस. मग तू म्हणशील तिथे जाऊ.”

मूळ कागद सहसा कोणाच्या हाती देत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण २०१३ पासून त्यांची स्वच्छ छायाचित्रं कोणालाही बघता येतात. मी ती कविता काढली. एमिली आपल्या कवितांच्या शाईने सुवाच्य प्रती करायची, कागद एकावर एक ठेवून दोऱ्याने टाचायची आणि त्यांच्या लहान वह्या करायची. अशा चाळीस वह्या निघाल्या. त्यांतल्या एका वहीत ही कविता होती. होती असंच म्हणायला हवं, कारण ॲम्हर्स्टमधल्या त्या पानावर तिच्या ओळींवरून कोणीतरी शाई फिरवली आहे. सहज मारलेली काट नाही ती. शब्द वाचताच येऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा गिरवलंय. चित्र मोठं करत गेले तशी शाईच्या त्या गिचमिडीतून एखाद्या अक्षराची उंच दांडी डोकावायची. कवयित्रीने स्वतः बदललेल्या ओळी मी पाहिल्या आहेत, त्यांत विचार दिसतो. इथे राग दिसत होता. माझ्या पोटात कालवलं.

मग शेजारच्या चौकटीत मी हार्वर्डची प्रत उघडली. तीच कविता, एमिलीने पत्र म्हणून स्यूला पाठवलेली. एकही डाग नाही, शेवटी नाव ठसठशीत. भाचा खुर्ची ओढून जवळ आला आणि बराच वेळ दोन्ही पानं बघत बसला. अर्ध्या तासाचे तीन तास कधी झाले कळलंच नाही.

ही शाई कोणी फिरवली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. संशय ऑस्टिन आणि मेबल लूमिस टॉड यांच्यावर आहे. टॉडबाई तिथल्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकांच्या पत्नी. १८८२ पासून त्यांचे ऑस्टिनशी प्रेमसंबंध होते. एमिली गेल्यावर लव्हिनियाने तिच्या इच्छेप्रमाणे तिला आलेली पत्रं जाळली. हा पत्रव्यवहार एकतर्फी वाटतो तो त्यामुळेच. पण कविता सापडल्या तेव्हा त्या छापायचा ध्यास तिनेच घेतला. आधी स्यूकडे दिल्या, तिथे काम रेंगाळलं, म्हणून टॉडबाईंकडे. त्यांनी एमिलीचे पत्रमित्र, लेखक हिगिन्सन यांच्या जोडीने १८९० मध्ये पहिला संग्रह काढला. यमकं जुळवली, शब्द बदलले, एमिलीच्या त्या विलक्षण आडव्या रेघा काढून टाकल्या. १८९४ मध्ये पत्रांचे दोन खंड आले आणि त्यांत स्यूला लिहिलेलं एकही पत्र नव्हतं. तिच्या आयुष्यातली सर्वात जवळची वाचक पुस्तकातून गायब!

पुढे ऑस्टिन वारला आणि जमिनीच्या एका तुकड्यावरून लव्हिनिया आणि टॉडबाई कोर्टात गेल्या. १८९८ मध्ये निकाल लव्हिनियाच्या बाजूने लागला. टॉडबाईंनी आपल्याकडची सगळी हस्तलिखितं पेटीत कुलूपबंद केली आणि पुढची तीसेक वर्षं ती पेटी उघडली नाही. भाऊबंदकीने आपल्याकडे वाडे पडले, इथे अमेरिकेच्या एका मोठ्या कवयित्रीचे कागद दुभंगले. स्यूच्या मुलीकडचा वाटा १९५० मध्ये हार्वर्डला गेला. टॉडबाईंच्या मुलीने आपला वाटा १९५६ मध्ये ॲम्हर्स्ट कॉलेजला दिला.

पण या फाटाफुटीचा एक विचित्र फायदा झाला. एका घराने पुसलेलं दुसऱ्या घरात सुरक्षित राहिलं. दोन्हीकडचे कागद समोर ठेवल्याशिवाय इथे संपादन होऊच शकत नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना पुण्यात भांडारकर संस्थेतले विद्वान देशभरातून आलेल्या पोथ्यांचे पाठभेद ताडत बसले होते. इथे तर सगळं खुद्द कवयित्रीच्या हातचं, तरी पाठभेद आहेतच. शब्दावर बारीक अधिकचं चिन्ह करून ती खाली पर्यायी शब्द लिहून ठेवायची आणि कोणता घ्यायचा ते ठरवायचीच नाही. संपादकाने काय करावं? टॉडबाईंनी एक निवडला. टॉमस जॉन्सन यांनी १९५५ मध्ये सगळे पर्याय कवितेखाली छापले. मला जॉन्सन यांची वाट पटते.

पत्रांचं काम याहून अवघड. बहुतेक पत्रांवर तारीखच नाही. मग जॉन्सन आणि थिओडोरा वॉर्ड यांनी तिचं अक्षर धरलं. तरुणपणी ती जोडून, वळणदार लिहायची. वय वाढलं तशी अक्षरं सुटी होत गेली, शेवटच्या वर्षांत तर प्रत्येक अक्षर वेगळं. १८५० च्या आसपासचं एक पान आणि १८८० नंतरचं एक पान मी शेजारी ठेवून पाहिलं. दोन वेगळ्या बायकांनी लिहिल्यासारखी वाटतात. या खुणेवरून त्यांनी १९५८ मध्ये हजारावर पत्रं काळाप्रमाणे लावली. राल्फ फ्रँकलिन यांनी तर सुट्या झालेल्या वह्यांची पानं सुईची भोकं, शाईचे डाग आणि कागदावरचे छाप जुळवून पुन्हा क्रमाने लावली. १९८१ मध्ये त्या वह्या जशाच्या तशा छापल्या गेल्या. २०२४ मध्ये क्रिस्टॅन मिलर आणि डोनल मिचेल यांची पत्रांची नवी आवृत्ती आली. त्यांनी कित्येक पत्रांच्या तारखा बदलल्या आणि पत्रांची संख्या १३०४ वर नेली. माणसं आयुष्यं घालवतात यात. त्यांच्या नावाची एक पाटी तरी त्या घरात असावी, असं मला फार वाटलं.

रविवारी नॉर्थॅम्प्टनमध्ये जेवलो, बरं होतं. मग परत.

शुक्रवारी बोस्टनजवळच्या केंब्रिजला हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात गेले. तिथे डिकिन्सन कुटुंबाच्या वस्तूंची एक खोली आहे. आम्ही चारच जण होतो, दाखवणाऱ्या गृहस्थांना घाई नव्हती, हवे तितके प्रश्न विचारू दिले. असं आदरातिथ्य मोठ्या संस्थांत क्वचित मिळतं. एमिलीचं लिहायचं टेबल तिथे आहे. इतकं लहान की त्यावर एक कागद आणि एक दिवा एवढंच मावेल. ॲम्हर्स्टच्या खोलीत लोक ज्याच्याकडे भक्तीने बघतात, ती याची नक्कल आहे.

कागद हार्वर्डने जरूर सांभाळावेत; तापमान, आर्द्रता, सुरक्षा हे सगळं मला मान्य आहे. पण टेबल? वॉलपेपरचा सापडलेला तुकडा बघून त्या खोलीच्या भिंती पुन्हा सजवल्यात, पलंग आहे, खिडकी आहे, आणि लिहायची जागा तेवढी नकली. पत्रं एका पडद्यावर एकत्र आणता आली, तर ते टेबल दीडशे किलोमीटर नेणं अवघड नाही. भेटीच्या वहीत मी हे मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत लिहून आले आहे.