आयकॉन गायब नाही झाला, नॉचमागे गेलाय

मॅकबुकवर नवं अ‍ॅप टाकलं, अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ते चालू दिसतंय, पण मेन्यू बारमध्ये त्याचा आयकॉन कुठेच नाही. अशा वेळी लोक अ‍ॅप उडवून पुन्हा टाकतात, मशीन रीस्टार्ट करतात. बहुतेक वेळा अ‍ॅप ठीकच असतं, वरच्या पट्टीतली जागा संपलेली असते.

२०२१च्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोपासून आणि २०२२च्या एम२ एअरपासून पट्टीच्या मधोमध कॅमेऱ्याची काळी खाच, म्हणजे नॉच, आला. आयकॉन उजवीकडून डावीकडे रचले जातात आणि नवा आयकॉन सहसा रांगेच्या डाव्या टोकाला बसतो. रांग नॉचला टेकली की पुढचे आयकॉन दिसेनासे होतात, तेही काही न सांगता. त्यात समोरच्या अ‍ॅपचे मेन्यू लांबलचक असतील, तर ते नॉच ओलांडून उजवीकडची जागाही घेतात. म्हणून आधी डेस्कटॉपवर क्लिक करून फाइंडर पुढे आणा. त्याचे मेन्यू आखूड असतात, त्यामुळे काही आयकॉन परत दिसू शकतात. बाहेरचा मॉनिटर जोडला तर नॉचचा प्रश्नच उरत नाही.

मजकूर दाखवणाऱ्या आयकॉनांवर विशेष लक्ष ठेवा. कॅलेंडरची काही अ‍ॅप्स पुढच्या मीटिंगचं नाव पट्टीत लिहितात. नाव लांबलं की रांग डावीकडे सरकते आणि सकाळभर दिसणारा आयकॉन नेमका मीटिंगच्या आधी नाहीसा होतो. नाव बंद करून नुसतं चिन्ह ठेवा.

कमांड की दाबून आयकॉन ओढला की त्याची जागा बदलते. घड्याळ आणि कंट्रोल सेंटर मात्र हलत नाहीत. व्हीपीएन, माइक म्यूट, बॅकअप असे बंद पडले तर लगेच कळायला हवेत असे आयकॉन जास्तीत जास्त उजवीकडे न्या. स्पॉटलाइटसारखे सिस्टिमचे आयकॉन तसेच पट्टीखाली ओढून सोडले की निघून जातात. इतर अ‍ॅप्सचे आयकॉन त्यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून बंद करा. मॅकओएस टाहोमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या ‘मेन्यू बार’ विभागात प्रत्येक अ‍ॅपसाठी बटणही आहे. लॉगिन आयटम्सची, म्हणजे लॉगिन करताच आपोआप सुरू होणाऱ्या अ‍ॅप्सची, यादीही एकदा पाहा, कारण निम्मी गर्दी तिथूनच सुरू होते.

आता मीटर, म्हणजे मशीनवर किती ताण आहे ते पट्टीत दाखवणारी अ‍ॅप्स. स्टॅट्स हे ओपन सोर्स आणि मोफत, आयस्टॅट मेन्यूज विकत. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही जागा खातात: सीपीयू, जीपीयू, रॅम, डिस्क, नेटवर्क, तापमान, सगळं चालू केलं तर नॉचपर्यंतची पट्टी त्यातच भरते. ज्या आकड्यावर आपण काही कृती करणार, तेवढाच वर हवा. माझ्या मते सीपीयूचा छोटा आलेख आणि मेमरी प्रेशर, म्हणजे रॅमवरचा ताण, एवढं पुरेसं आहे. बाकीचं एका क्लिकवर असू दे.

रॅम किती टक्के वापरली हा आकडा तर काढूनच टाका. मॅकओएस रिकामी रॅम कॅशसाठी वापरतं, त्यामुळे ८० टक्के दिसणं म्हणजे अडचण नव्हे. प्रेशर पिवळं किंवा लाल होणं आणि स्वॅप, म्हणजे रॅम पुरेना म्हणून डिस्कवर हलवलेला डेटा, वाढत जाणं, ही खरी खूण. स्टॅट्समध्ये रॅमच्या विजेटचा रंग प्रेशरनुसार ठेवता येतो.

सीपीयूचंही तेच. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर एका कोअरला १०० टक्के धरतो, म्हणून दहा कोअरच्या मशीनवर एखादी प्रोसेस ३०० टक्के दाखवते तेव्हा लगेच घाबरू नका. अ‍ॅपल सिलिकॉनवर स्पॉटलाइटचं इंडेक्सिंग, टाइम मशीन अशी मागची कामं प्रामुख्याने एफिशियन्सी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या, कोअरवर चालतात. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरच्या विंडो मेन्यूतून ‘सीपीयू हिस्टरी’ उघडा: दहा कोअरच्या एम१ प्रोवर असे दोनच कोअर असतात. ते भरलेले आणि उरलेले आठ शांत असतील तर काम आपलं आपण संपू द्या. ‘कर्नल टास्क’ वर चढलेला दिसला तर मशीन तापलंय असं समजा. इतर प्रोसेसना सीपीयू कमी मिळावा म्हणून सिस्टिमच ते करते.

मीटरही वीज खातो. स्टॅट्समध्ये सेन्सर्स आणि ब्लूटूथ हे दोन मॉड्यूल सर्वांत जड आहेत. गरज नसेल तर ते बंद ठेवा आणि बाकीच्यांचा अपडेटचा वेळ तीन ते पाच सेकंद करा.

इतकं करूनही गर्दी उरली तर आयकॉन लपवणारी अ‍ॅप्स: हिडन बार किंवा आइस. यांची युक्ती साधी आहे: पट्टीत एक विभाजक ठेवतात आणि तो इतका रुंद करतात की त्याच्या डावीकडचे आयकॉन स्क्रीनबाहेर ढकलले जातात. आइसमध्ये आयकॉनांमधलं अंतर कमी करायची सोयही आहे, नॉचच्या मशीनवर तिचा मोठा फायदा होतो. मात्र लपवलेले आयकॉन वेगळ्या पट्टीत दाखवायला आइससारखी अ‍ॅप्स स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतात, आणि ती परवानगी मोठी आहे. २०२४मध्ये अशाच बार्टेंडर नावाच्या अ‍ॅपची मालकी वापरकर्त्यांना आधी न सांगता बदलली, तेव्हा लोक अस्वस्थ झाले ते याच परवानगीमुळे. कोड उघडा असलेलं अ‍ॅप मला इथे जास्त पटतं.

एका अ‍ॅपने दुसऱ्या अ‍ॅपचे आयकॉन लपवण्याची अधिकृत सोय अ‍ॅपल देत नाही, म्हणून मॅकओएसच्या मोठ्या अपडेटनंतर ही अ‍ॅप्स बिघडू शकतात. अपडेटआधी लपवणारं अ‍ॅप बंद करून पट्टी पाहा. व्हीपीएन आणि बॅकअपचे आयकॉन तेव्हाही नॉचच्या उजवीकडे दिसत नसतील, तर फाइंडर पुढे आणून किंवा बाहेरचा मॉनिटर जोडून ते दिसू द्या, कमांड दाबून त्यांना उजवीकडे ओढा आणि मग अपडेट करा.