बॅज चालत नाही

४ मे २०२३ला इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी स्थानिक निवडणुका झाल्या. फोटो ओळखपत्र पाहिल्याशिवाय मतपत्रिका द्यायची नाही, हा नियम तिथल्या सगळ्या केंद्रांवर पहिल्यांदाच लागू झाला होता. त्या दिवशी मी लेस्टरमधल्या एका शाळेत पोल क्लर्क होते. आपल्याकडच्या हिशेबाने मतदान अधिकारी क्रमांक एक. यादीत नाव शोधायचं, पट्टी धरून त्यावर रेघ मारायची आणि मतपत्रिका हातात द्यायची. आधीच्या निवडणुकीत मतदार येऊन नाव-पत्ता सांगायचा आणि आम्ही मान डोलवायचो. कागद नाही, कार्ड नाही, बोटाला शाई नाही. ते पाहून मी चाट पडले होते. माझे बाबा नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते आणि दर निवडणुकीला केंद्राध्यक्ष म्हणून जायचे. त्यामुळे ओळखपत्राशिवाय मतदान ही कल्पनाच मला पचत नव्हती. सरकारने नियम आणला तेव्हा 'बरं झालं, उशिरा का होईना' असंच माझं मत होतं.

नियम आला तो बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने केलेल्या २०२२च्या कायद्यातून. तुमच्या नावावर दुसराच कुणी मत देऊन गेला तर, हे त्यामागचं मुख्य कारण. लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्सची २०१४ची महापौरपदाची निवडणूक गैरप्रकारांमुळे न्यायालयाने रद्द केली होती, त्याचाही दाखला दिला जायचा. विरोधकांचं म्हणणं होतं, केंद्रावर येऊन तोतयेगिरी करणारे सापडतात किती? अगदी मोजके. त्यांच्यासाठी गरीब माणसाला दारातून परत का पाठवायचं? प्रशिक्षणाच्या दिवशी चहाच्या टेबलावर हे दोन्ही सूर ऐकू आले. प्रशिक्षक मात्र शहाणी होती. म्हणाली, "वाद घरी घाला. टेबलावर फक्त यादी."

तर ती यादी. पासपोर्ट, वाहनपरवाना, निवास परवान्याचं बायोमेट्रिक कार्ड, अपंगांचा पार्किंगचा ब्लू बॅज, ज्येष्ठांचा बस पास. पासपोर्टची मुदत संपलेली असली तरी चालेल, चेहरा जुळला की झालं. कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे भारतीयही. मी स्वतः भारतीय पासपोर्टवर इथे मत देते. नाशिकला मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून जावं लागेल, ही त्यातली गंमत. एक गृहस्थ लॅमिनेट केलेलं आधार कार्ड घेऊन आले. इथे ते चालत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरचीच असून परक्यासारखी वागते आहे. मग घरी जाऊन पासपोर्ट घेऊन आले, तोवर आमचं बोलणं बंद.

सकाळीच एक गुजराती आजी आल्या, सोबत कॉलेजात शिकणारी नात. १९७२ला इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या कुटुंबांपैकी. लेस्टरला हे लोक घराघरात आहेत. आजींनी पर्समधून बस पास काढला. फोटो इतका पुसट, की नुसता पांढरा अंबाडा दिसत होता. तरी त्याच होत्या, शंकाच नाही. पास यादीत, मतपत्रिका मिळाली. नातीने विद्यापीठाचं कार्ड पुढे केलं. फोटो ठसठशीत, नाव, चिप, बारकोड. नाही चालत. "बाचा (आजीचा) बस पास चालतो आणि माझं हे नाही?" मी काय सांगणार? म्हाताऱ्यांच्या बस पासला सरकार पैसे देतं आणि तो देताना कागदपत्रं तपासली जातात, असं अधिकृत उत्तर होतं. ते मी दिलं. तिला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही. ती दुपारी पासपोर्ट घेऊन परत आली, कारण तिच्याकडे पासपोर्ट होता. चेहरा झाकून येणाऱ्या बायकांसाठी आडोसा आणि हातात धरायचा आरसा दिला होता, नकाब सोडून परत नीट बांधता यावा म्हणून. ही व्यवस्था मला नीट विचार करून केलेली वाटली. एकीनेही कुरकुर केली नाही.

दिवस लक्षात राहिला तो केअरटेकरमुळे. पहाटे आम्ही पोचलो तेव्हा शाळेचं दार त्यानेच उघडलं होतं. हॉलमधल्या खुर्च्या त्याने हलवल्या, मतदानाचे आडोसे उभे करायला हात लावला, पेन्सिलींच्या दोऱ्या बांधायला स्वतःची सुतळी दिली. पन्नाशीचा माणूस. लेस्टरी पद्धतीने सगळ्यांना लाडाने 'मी डक' (me duck, 'माझ्या राजा'सारखं) म्हणणारा. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. अकराच्या सुमारास हात पुसत टेबलापाशी आला आणि नाव-पत्ता सांगितला. यादीत नाव होतं. मी ओळखपत्र मागितलं. त्याने गळ्यातला बॅज पुढे धरला. फोटो, नाव, खाली नगरपालिकेचा शिक्का. निवडणूक त्याच नगरपालिकेची!

बॅज यादीत नव्हता. पासपोर्ट? कधी परदेशी गेलोच नाही. परवाना? सायकलवर फिरतो. बस पासचं वय अजून झालेलं नव्हतं. मतदानासाठी सरकार फुकट ओळखपत्र देत होतं, पण त्याच्या अर्जाची मुदत २५ एप्रिललाच संपली होती. पत्रक घरी आलं होतं, म्हणाला, पण मला वाटलं ते ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांच्यासाठी असेल.

मी प्रिसायडिंग ऑफिसरकडे, म्हणजे आमच्या केंद्राध्यक्षांकडे पाहिलं. या बाई याच शाळेत कितीतरी वर्षं निवडणुका घेत होत्या आणि त्याला नावाने हाक मारत होत्या. त्यांनी नियमांची वही काढली. ओळखपत्र हरवलं, चोरीला गेलं किंवा खराब झालं असेल, तर संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज करून आपल्या वतीने दुसऱ्याला मत द्यायला पाठवता येतं. त्यांनी फार सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुमचं एखादं ओळखपत्र हरवलंय का?" त्या क्षणी तो 'हो' म्हणाला असता तर पुढचा रस्ता निदान दिसला असता. तो म्हणाला, "नाही, कधी नव्हतंच." मग मतपेटीकडे पाहत, चिडून नाही, नवलच वाटल्यासारखं म्हणाला, "या इमारतीच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत."

परत पाठवलेल्यांची नोंद करायला एक फॉर्म होता. अमान्य कार्ड आणलं, काहीच आणलं नाही, चेहरा जुळला नाही, अशा वर्गवारीत. 'आम्ही सगळे ओळखतो' असा रकाना अर्थातच नव्हता. 'अमान्य कार्ड'मध्ये एक रेघ वाढली. रात्री दहाला मतदान संपल्यावर दाराला कुलूप त्यानेच लावलं.

पुढे निवडणूक आयोगाचा अहवाल आला. केंद्रावर येऊनही ओळखपत्राअभावी मत न देता आलेले किमान १४,००० लोक, म्हणजे सुमारे ०.२५ टक्के. 'किमान' हा शब्द फुकट घातलेला नाही. काही केंद्रांवर दारातच माणूस उभा करून 'कार्ड आहे का' असं विचारत होते. तिथूनच मागे फिरलेले टेबलापर्यंत पोचलेच नाहीत, मग रेघ कुठे मारणार? निवडणुकीच्याच महिन्यात जेकब रीस-मॉग या जॉन्सन यांच्याच हुजूर पक्षाच्या नेत्याने कबूल करून टाकलं, की मतदानाची गणितं आपल्या सोयीने बसवायची ही चाल आमच्याच अंगाशी आली. आणि २०२४च्या मेमध्ये खुद्द बोरिस जॉन्सन ओळखपत्र विसरून केंद्रावर गेले आणि त्यांना परत पाठवलं गेलं! ते ओळखपत्र घेऊन पुन्हा आले. आमच्या केअरटेकरकडे घरी जाऊन आणण्यासारखं काही नव्हतं.

बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते नियमाच्याच बाजूने. शेषनसाहेबांनी १९९३ साली फोटो ओळखपत्रांचा आग्रह धरला, तेव्हा बाबांच्या शाळेच्या व्हरांड्यात चादर टांगून गावाचे फोटो काढले होते. अर्ध्या बायकांच्या कार्डावर नावं चुकलेली आली, तरी कार्ड घरोघर पोचलं. शिवाय ते नसेल तर आधार, पॅन, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड. "सरकारी नोकराचं फोटोचं ओळखपत्रसुद्धा चालतं आपल्याकडे," बाबा म्हणाले. म्हणजे आमच्या केअरटेकरसारखा माणूस नाशिकला असता तर बॅजवर मत देऊन गेला असता. ब्रिटनमध्ये मुळात राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. युद्धकाळातलं १९५२ला बंद केलं, २००६च्या कायद्याने आणलेलं पुढच्या सरकारने मोडीत काढलं. कार्ड कुणाला नको आणि अट मात्र हवी, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

२०२५च्या जुलैमध्ये नव्या मजूर पक्षाच्या सरकारने बँकेचं कार्डही चालवायचा प्रस्ताव मांडला. मला बरं वाटलं, केअरटेकरकडे ते नक्की असणार. बाबा उखडले. "बँकेच्या कार्डावर फोटो असतो का? मग चेहरा ताडायचा कशाशी? त्यापेक्षा त्या माणसाचा बॅज यादीत घाला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण बँकेचं कार्ड नको, हेही मला मान्य नाही. आमचं अजून भांडण चालू आहे.